नारळ ठेवेपर्यंत

भागवत ढगे हा माणूस मला आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. कोल्हारच्या पुढे प्रवरेच्या कडेला माझी पेरूची बाग आहे, तिला लागून त्याचा ऊस आणि गोठा. मध्ये बांध. बांधावर कडुलिंबाचं एक दांडगं झाड. त्या झाडाची एक फांदी माझ्या बागेवर आडवी आली आहे आणि तिच्या सावलीत माझी पेरूची आख्खी ओळ खुरटली. फांदी तोडतो म्हटलं की झाड त्याचं. पालापाचोळा उचल म्हटलं की झाड माझं. यावरून आमच्यात जे झालं ते नदीच्या दोन्ही काठच्या गावांनी ऐकलेलं आहे. नंतर मी त्याच्याशी बोलणं सोडलं, आणि तो बोलत राहिला, पण माझ्याशी नाही, झाडाशी. मोठ्याने, मला ऐकू येईल असं.

शत्रूवर प्रीती करा, असं आमचे पाळकसाहेब उपासनेत अधूनमधून सांगतात. पाळकसाहेबांना शेत नाही.

भागवत माझ्या वर्गातला. मी पुढे शाळामास्तर, यशया गुरुजी झालो, तो सातवीतच शाळेबाहेर पडला आणि शुगर फॅक्टरीत हंगामी लागला. त्याची आई साळूबाई हाडं बसवायची. पोराचा हात निखळला, गड्याची कंबर धरली, बैल लंगडला, की लोक तिच्या ओट्यावर. तिने हात भागवतला दिला, आणि हाताबरोबर तीन अटी घातल्या. पैसा घ्यायचा नाही. ओट्यावर बसलेल्याला उठवायचं नाही, मग तो कोणी असो. आणि बरा झालेला माणूस ओट्यावर नारळ ठेवीपर्यंत त्याला वाकडा शब्द बोलायचा नाही. यातली एक जरी मोडली तर हाताचा गुण जातो म्हणे. भागवतने आयुष्यात दुसरा कुठला नियम पाळलेला माझ्या पाहण्यात नाही. बायको गेल्यापासून एकटा असतो, मुलगा पुण्याला. गाईशी बोलतो, तंबाखू खातो, बांधाची माती दर पावसाळ्यात वीतभर माझ्याकडे सरकवतो. पण ते तीन नियम पाळतो.

आता माझ्या खांद्याचं. पावसाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी उपासनेहून स्कूटरवर येत होतो, मागे माझी बायको हन्ना. कुत्रं आडवं आलं. हन्नाला खरचटलंसुद्धा नाही, मी मात्र उजव्या हातावर पडलो आणि खांदा जागेवरून सरळ खाली आला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण हन्ना म्हणते की चर्चच्या पंचाने ते ओरडायला नको होतं. सुनील रिक्षावाल्याने मला रिक्षात घातलं. मला वाटलं हॉस्पिटलला चाललोय. डोळे उघडले तेव्हा मी भागवतच्या ओट्यावर बसलेला होतो. सुनीलला विचारलं तर म्हणाला, गुरुजी, सवयीनं वळली गाडी.

भागवत आतून आला. मला पाहिलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. भाकरीत केस निघावा तसं त्याचं तोंड झालं. पण मी बसलेला होतो. त्याने तोंडातली तंबाखू थुंकली. मला आडवं केलं, स्वतः शेजारी बसला, आणि आपली टाच माझ्या खाकेत रोवली. ज्या माणसाला मी माझ्या बांधावर पाऊल ठेवू देत नव्हतो त्याचा पाय माझ्या खाकेत. दोन्ही हातांनी माझं मनगट धरून त्याने सावकाश ओढलं, मध्येच जरा फिरवलं, आणि आत काहीतरी धपकन जागेवर गेलं. दुखणं एकदम उतरलं. मला रडू आलं. हन्नाला वाटलं दुखतंय म्हणून.

मग त्याने अंड्याचा बलक, कसलीशी मुळी उगाळून केलेला लेप, कापडाच्या पट्ट्या, असं सगळं लावून माझा हात छातीशी घट्ट बांधून टाकला. माझ्याकडे न बघता हन्नाला म्हणाला की तिसऱ्या बाजाराला, तीन आठवड्यांनी, सोडायला घेऊन या, आणि जे हात बांधतात तेच सोडतात, मध्येच कोणी गाठीला हात लावायचा नाही.

इथे माणसाने समजून घ्यायला पाहिजे. पहिल्यांदा मला रिक्षाने नेलं होतं. तिसऱ्या बाजाराला मला माझ्या पायांनी जावं लागणार होतं. ओट्यावर बसून, भागवत, सोड रे बाबा, असं म्हणावं लागणार होतं. मी गेलो नाही. त्याला गरज असेल तर येईल, दोन शेतं ओलांडून तर यायचं. तो आला नाही. हाडवैद्य बोलावल्याशिवाय रोग्याच्या घरी जात नाही, हे त्याचं म्हणणं. बोलावलं कोणी असतं? तिसरा बाजार गेला, चौथा गेला, पोळा गेला. अंड्याचा वास घरभर. हन्ना कात्री घेऊन आली की मी खुर्ची सरकवायचो. मी अंधश्रद्धा मानत नाही. शाळेत मी त्यावर भाषणं केली आहेत. पण कोणा एकाने आपल्या हाताने साळूबाईची गाठ सोडली आणि त्याचा हात वाळला, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि प्रयोग करून बघायला माझ्याकडे दुसरा उजवा हात नव्हता.

मग एक दिवस सुनील निरोप घेऊन आला. गुरुजी, भागवतनाना म्हणत होते, हात चालत नसंल तर यंदा बाग मक्त्यानं मी घेतो.

माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. खांदा बसवला आणि बांधून ठेवला तो याच्यासाठी. पेरूची तोडणी हात वर केल्याशिवाय होत नाही. फळ हाताने चाचपून, देठ पिरगाळून काढावं लागतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर कच्चं-पिकलं सगळं एका पाटीत टाकतात आणि फांद्या मोडतात. त्या बागेतलं एक न् एक झाड मी लावलंय. नोकरीत असताना शाळा सुटली की सायकल बांधाला टेकवून मी पाणी भरायचो. मी घरात आरडाओरडा केला. हन्नाने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "नाताळपर्यंत तुमचा हात वर गेला नाही, तर बाग मी त्यांनाच देणार. तुमचं भांडण सांभाळायचं की झाडं, ते तुम्ही ठरवा." हन्ना असं वर्षातून एखाद्या वेळी बोलते, आणि तेव्हा तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला कोल्हारला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथली दिशा नावाची मुलगी कर्जतकडची. तिकडे पाणी कमी आणि जिभेला धार जास्त. तिने बांधणी पाहिली, नाक धरलं, कातर घेतली आणि मी काही म्हणायच्या आत भागवतच्या गाठी कापून बादलीत टाकल्या. माझा हात वाळला नाही. पण हललाही नाही. तिने कोपर धरून वर न्यायचा प्रयत्न केला तेव्हा खांदा, पाठ, मान, सगळं एकाच फळीसारखं हललं. तिने एक्स-रे काढून आणायला लावला आणि तो दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"खांदा चांगला बसवलाय," ती म्हणाली. "वाट लागली ती बांधून ठेवल्यानं. इतके दिवस ठेवायला कोणी सांगितलं होतं, सर?"

मी भागवतचं नाव घेतलं. हन्ना म्हणाली, त्यांनी तिसऱ्या बाजाराला सोडायला बोलावलं होतं, हे गेले नाहीत. बायकोला साक्षीला नेऊ नये.

दिशाने मला व्यायाम दिले. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घंटेसारखा हलवायचा. भिंतीला तोंड करून बोटांनी भिंत चढायची. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने वाईट हाताला वर न्यायचं. मी सगळं केलं. शाळेत मी पोरांकडून पाढे म्हणून घेतले तसे ती माझ्याकडून व्यायाम करून घेई आणि चुकलं की पहिल्यापासून. गणपती गेले, नवरात्र आलं. हात कानाच्या पाळीपर्यंत आला आणि तिथेच अडला. भिंतीवर माझ्या बोटांचा डाग पडला होता, त्या डागाच्या वर एक इंचही स्वच्छ भिंत मळेना.

मग दिशाने सांगितलं की आता अडचण नुसत्या खांद्यात नाही. हात बांधलेला असताना मी पाठ आवळून बसलो, त्यामुळे खांद्यामागचे मणके आणि पाठीवरचा खांद्याचा फरा धरलाय. ते हाताने मोकळं करायला पाहिजे. ती करत होती, पण तिच्या हाताखाली मी अंग सैल सोडत नव्हतो, आणि तेवढा जोर लावायला ती चणीने लहान. पुण्यात मणके मोकळे करणारे शिकलेले लोक आहेत, इथे नाहीत. इथे एकच माणूस आहे, आणि त्याच्या हातचे बिघडलेले निम्मे लोक तिच्याकडे येतात, असं ती म्हणाली. तिला तो मनापासून आवडत नव्हता. या एका बाबतीत मुलगी मला समजूतदार वाटली.

तिने सुनीलबरोबर भागवतला निरोप धाडला, दवाखान्यात या. त्याचं उत्तर आलं की ओट्याबाहेर त्याचा हात चालत नाही, आणि त्याच्या गाठी कातरीने कापणाऱ्या पोरीच्या दवाखान्यात तो बैलालासुद्धा पाठवणार नाही. दिशा चिडली. मग तिने रबरी पट्ट्यांची पिशवी स्कूटीला अडकवली आणि मला म्हणाली, चला सर, आपणच जाऊ. मी नाही म्हटलं. हन्नाने फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

दोन शेतं ओलांडायला मला फार वेळ लागला. भागवत गोठ्यात होता. मी त्याच्या ओट्यावर माझ्या पायांनी गेलो आणि बसलो. हे मी लिहितोय तेव्हाही माझे कान तापतात. तो हात धुऊन आला, माझ्याकडे आणि मग दिशाकडे पाहिलं.

त्यानंतर महिना-दीड महिना त्या ओट्यावर जे चाललं ते बघायला गावातले लोक उगाचच गाईला चारा टाकायच्या निमित्ताने यायचे. दिशा म्हणे, आधी एक्स-रे बघा. भागवत म्हणे, माझी बोटं बघत्यात. ती म्हणे, मानेला झटका द्यायचा नाही, दिला तर मी पोलिसात जाईन. तो म्हणे, मान त्याची हायेच ताठ, तिला कोन हात लावतंय. त्याला मणका मोकळा केला की रोग्याला बांधून झोपवायची सवय. तिचं म्हणणं, मोकळं झालं की त्याच घटकेला हलवायचं, नाहीतर पुन्हा धरतं. तो बांधायला लागला की ही पिशवीतून कातर काढी. शेवटी ठरलं की ओट्यावर पट्टी नाही आणि कातरही नाही. हा तह माझ्या पाठीवर झाला, मला कोणी विचारलं नाही.

तो मला पाटावर बसवी, मागून गुडघा पाठीला लावी आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणे, श्वास सोड. मी सोडत नसे. शत्रूचा गुडघा पाठीत असताना श्वास कोण सोडेल? तो तसाच थांबून राही. घाई करत नसे. कधीतरी मला सोडावाच लागे, आणि नेमक्या त्या क्षणाला तो दाबी. पाठीत ओळीने कटकट वाजे आणि आत गरम पाणी ओतल्यासारखं वाटे. लगेच दिशा पुढे. ओट्याच्या तुळईला तिने विहिरीची जुनी कप्पी टांगली होती, तिच्यातून दोर. एका हाताने ओढायचं, दुसरा वर जायचा. त्यांच्यापैकी नुसत्या एकाने हे झालं नसतं, एवढं मी म्हणू शकतो. पण ते त्यांना सांगायची मला गरज वाटली नाही.

दिवाळी झाली. हात कानाच्या वर सरकला. आणि माझ्या मनात एक विचार शिरला, तो झोपूही देईना. या माणसाला माझी बाग पाहिजे. माझा हात खाली राहिला तर ती त्याला मिळते. मग हा करतोय काय? मुद्दाम थोडं कमी दाबतोय का? एखादा मणका राखून ठेवतोय का? एके दिवशी दिशा यायच्या आधी मी त्याला तोंडावर विचारलं. कित्येक वर्षांत मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"माझा हात वर गेला नाही तर बाग तुला मिळेल. मग तू कशाला झिजतोस?"

तो माझ्या मागे होता, मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. गुडघा तसाच पाठीत.

"हितं तू निस्ता खांदा हायस," तो म्हणाला. "बांधावर ये, मंग यशया हायस. सोड श्वास."

घरी जाऊन मी हे हन्नाला सांगितलं. ती पीठ मळत होती. त्यांना बाग हवी होती आणि तेच तुमचा हात वर करताहेत, याला काय म्हणायचं, तिने विचारलं. मी म्हटलं, मूर्खपणा. तिने पिठाचा गोळा उचलून परातीत आपटला.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात मी बागेत उभा राहून उजवा हात सरळ वर नेला, पानांच्या आत घातला, एक पेरू चाचपला आणि देठ पिरगाळून काढला. पेरू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. मला फार आनंद झाला. इतका की मागे फिरून घरात जावं आणि हन्नाला तो दाखवावा असं वाटलं, पण मी मागे फिरलो तो कोयता आणायला.

याचा विचार मी आधीच केला होता. नारळ ठेवला नव्हता तोवर भागवत मला वाकडा शब्द बोलू शकत नव्हता. सबब फांदी तोडायला याच्याइतका चांगला मुहूर्त नव्हता. मी शिडी लावली, चढलो, कोयता डोक्याच्या वर नेला आणि पहिला घाव घातला.

भागवत गोठ्यातून धावत आला. बांधावर येऊन थांबला. मी दुसरा घाव घातला. एरवी त्याने माझ्या आजोबांपासून शिव्यांना सुरुवात केली असती. आता त्याचा जबडा नुसता हलत होता. तिसरा, चौथा. चिपा त्याच्या अंगावर उडत होत्या. मी खाली पाहिलं तर तो फांदीकडे बघतच नव्हता. प्रत्येक घावाला माझा खांदा किती वर जातो आणि कसा खाली येतो, ते बघत होता, आणि त्याची बोटं आपोआप आवळत होती.

"बोल की," मी वरून म्हणालो.

"नारळ ठिवला न्हाई तू अजून," तो म्हणाला.

मी आणखी दोन घाव घातले. मजा येईना. ज्या फांदीसाठी इतकी वर्षं भांडलो ती तोडताना समोरचा मुका उभा राहिला तर त्या तोडण्याला काही चव राहत नाही. शिवाय तो हात त्याने वर केलेला होता, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी फांदी अर्धी तुटलेली ठेवून खाली उतरलो, घरातून स्कूटरची किल्ली घेतली आणि कोल्हारच्या बाजारात जाऊन एक नारळ आणला.

ओट्यावर, दाराच्या वरच्या बाजूला एक देवळी आहे. तिच्यात साळूबाईचा फोटो. नारळ तिथे ठेवायचा असतो, बऱ्या झालेल्या हाताने. मी पाळकसाहेबांना विचारलं नाही. देवाला ठेवत नव्हतो, एका बाईला ठेवत होतो, जिने माझ्या लहानपणी माझा अंगठाही बसवला होता. भागवत दारात उभा होता. मी हात वर नेला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. खांदा कानाला लागला आणि नारळ देवळीत बसला.

भागवतने पुढे होऊन माझ्या खांद्यावर अंगठा दाबला, मागून पुढे एकदा फिरवला.

"बसला," तो म्हणाला.

मग त्याने नारळ काढला, उंबऱ्यावर फोडला. एक कवड बाजूला ठेवली, त्या कातरवालीला सुनीलबरोबर द्यायची म्हणून. उरलेल्या अर्ध्यातलं खोबरं सुरीने काढलं, एक तुकडा आपल्या तोंडात टाकला, दुसरा माझ्या हातावर ठेवला. रीत आहे ती, दोघांनी खायचं. मी खाल्लं. तो चावत चावत बांधाकडे बघत होता. फांदी अर्धवट लोंबत होती आणि तिची सावली माझ्या पेरूंवरून सरकून त्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर पडली होती.

त्याने घास गिळला, धोतराला हात पुसले आणि माझ्या आजोबांपासून सुरुवात केली. आवाज नदीपलीकडे गेला असेल. माझ्या तोंडात खोबरं होतं, नाहीतर मीही लगेच त्याच्या आजोबांचं काढलं असतं. ते गिळायला मला जरा वेळ लागला.